शेवटचा हशा गिऱ्हाइकाचा

(व्यापारी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, व्यापारी बांधवांनो, आणि मागं भिंतीला टेकून उभी असलेली दुकानांतली पोरं. तुम्ही खरं तर पुढं येऊन बसा. मालक गल्ल्यावर असतो, गिऱ्हाइकाशी जुंपते ती तुमची.

पत्रिकेत विषय छापलाय, ‘अवघड गिऱ्हाईक आणि हजरजबाबीपणा’. तीन सूत्रं सांगेन असा शब्दही मी संयोजकांना दिलाय. सांगतो. पण आधी एक गोष्ट बरेच दिवस खुपतेय, ती बोलून घेऊ द्या.

आपल्या दुकानांत पाट्या असतात. ‘आज रोख, उद्या उधार’. ‘उधार मागून लाजवू नये’. काही ठिकाणी ते जुनं चित्रही असतं: रोखीनं विकणारा शेठ गुबगुबीत, पैशाच्या राशीत बसलेला, आणि उधारीनं विकणारा हाडं वर आलेला, डोक्याला हात लावलेला. लोक बघतात, हसतात. मला त्या हसण्याचा राग येतो. का, ते सांगतो.

माझं दुकान बियाण्या-खतांचं. गिऱ्हाईक येतं जूनमध्ये. सोयाबीन हातात येणार दसरा-दिवाळीला. जूनला शेतकऱ्याच्या घरात काय असतं? लग्नसराई नुकती उरकलेली, पोरांच्या शाळेची फी, वह्या-पुस्तकं, आणि डोक्यावर मृग. कोरडवाहू माणसाच्या हातात वर्षातला सगळ्यात कमी पैसा असतो, तेव्हाच त्याला सगळ्यात मोठी खरेदी करावी लागते. तो उधार मागायला येतो तेव्हा रस्त्यात दहा वेळा मनाशी वाक्य जुळवत येतो. आणि पायरी चढली की समोर पाटी! तोंड उघडायच्या आधीच आपण त्याच्यावर विनोद करून मोकळे. उधार द्यायची नसेल तर देऊ नका, तो धंद्याचा प्रश्न आहे. बाजूला घेऊन हळू आवाजात नाही म्हणा. पण पाटी काढा. आज इथून गेल्यावर काढा, एवढी माझी विनंती आहे.

आता कुणी म्हणेल, पाटीचा आणि अवघड गिऱ्हाइकाचा काय संबंध? थेट संबंध आहे. माणूस खुशीनं अवघड होत नसतो. त्याच्या मागं बहुतेक वेळा दोनच गोष्टी असतात. एक, खिशात पैसे कमी आणि ते चारचौघांत सांगता येत नाही. दुसरी, मागं कुठंतरी फसलेला असतो. ‘पैसे कमी पडायलेत’ असं कुणी म्हणत नाही. ‘तुमचा मालच खराब हाय’ असं म्हणतो. ऐकणाऱ्यानं मधलं ओळखायचं असतं.

आमच्याकडं एक तात्या यायचे. नाव घेत नाही, गाव घेत नाही. धोतर, टोपी, हातात काठी, आणि आवाज असा की समोरच्या हॉटेलातला चहावाला वळून बघायचा. यायचे ते बरोबर गर्दीच्या दिवशी. पहिला पाऊस झालेला, काउंटरला माणसाला माणूस चिकटलेला, बाहेर ट्रॅक्टर, टमटम. त्यात तात्या पुढं घुसून सोयाबीनच्या बॅगवर काठी आपटायचे. ‘ह्ये मागल्या सालचं बी हाय. टॅग बदलून विकायलेत. काऊन फसवायलाव गरिबाला?’

झालं. एकानं असं म्हटलं की रांगेतल्या तीस जणांच्या मनात पाल चुकचुकते. तात्यांना टॅगवरची तपासणीची तारीख दाखवून उपयोग नव्हता. तारीख छापणारी यंत्रणाच खोटी, असं त्यांचं म्हणणं.

दुकानात माल काढून द्यायला आमचे एक मामा होते. सगळं गाव त्यांना मामाच म्हणायचं. ते शांतपणे बाहेर आले, तात्यांना गल्ल्याजवळच्या खुर्चीवर बसवलं, चहा सांगितला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘तात्या, हे बी नाही उगवलं तर मला पुरा तुमच्या वावरात. मी उगवतो.’

तात्यांनी मामांकडं खालून वर बघितलं. म्हणाले, ‘तुला पुरून काय उगवंल रे? उधारीची वही!’

अख्खं दुकान हसलं. रांगेतली माणसं, ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर, सगळे. तात्याही हसले, कारण हशा त्यांचा होता. मामांनी त्यावर शब्द काढला नाही. इथं लक्ष द्या, पोरांनो. मामा बोलण्यात कुणाला हार जाणारा माणूस नव्हता. त्यांच्या जिभेवर पुढचं उत्तर नक्की होतं. ते गिळलं. गिळलं म्हणून काम झालं.

मग मामांनी एक ओलं गोणपाट आणलं. बॅग तात्यांच्याच हातानं उसवली. म्हणाले, ‘परीक्षक तुम्ही. शंभर बिया मोजा, निवडून घेऊ नका, हाताला येतील त्या घ्या.’ तात्या मोजायला बसले. एका ओळीत दहा, अशा दहा ओळी, बोटानं ढकलत ढकलत. सालपट फाटलेलं बी दिसलं की थांबायचे, मान हलवायचे, पण ठेवायचे, कारण निवडायचं नाही असं ठरलेलं. सोयाबीनचं साल फार नाजूक. बॅग ट्रकमधून आपटली तरी आतला कोंब दुखावतो, हे मामा त्यांना सांगत होते आणि तात्या बाकीच्यांना सांगत होते. गोणपाटाची गुंडाळी केली, सुतळीनं बांधली. ‘घरी सावलीत ठेवा, ओल तुटू देऊ नका, सहा-सात दिवसांनी उघडून मोजा. शंभरात सत्तर उगवले तर बी पेरणीजोगं. सत्तरला कमी पडलं तर बॅग परत आणा.’

तोवर मागची दोन माणसं तात्यांनाच विचारायला लागली, ‘तात्या, आमच्याबी बिया मोजून द्या की.’ पंधरा मिनिटांपूर्वी आमच्यावर बोंब मारणारा माणूस आमच्याच दुकानात बसून लोकांना बियाणं तपासायला शिकवत होता. आठवड्यानं गुंडाळी काखेत मारून हजर. उघडून दाखवली, पांढरे कोंब गोणपाटातून बाहेर आलेले, आणि गर्दीकडं बघून म्हणाले, ‘घ्या रे, म्या बघितलंय.’ पुढं दर जूनला ते यायचे, भांडायचे, मोजायचे. त्यांचा मुलगा आता मोबाइलवर टॅगचा फोटो पाठवून विचारतो. असो.

मराठवाड्यात शांतीचा विषय निघाला की पैठणच्या नाथांची कथा येतेच: अंगावर थुंकणारा थुंकत राहिला, नाथ गोदेवर पुन्हा पुन्हा आंघोळ करत राहिले. कथा थोर आहे. पण दुकानदारानं नाथांकडून आणखी एक गोष्ट घ्यावी, ती भारुडाची. विंचू चावला म्हणून ओरडतो तो स्वतः गाणारा. लोक हसत हसत आपलाच विंचू ओळखतात. समोरच्याकडं बोट नाही, आणि समोरच्याला बरोबर कळतं. मामांनी स्वतःला पुरून घेतलं ते याच वळणाचं. यावर खरं तर वेगळं बोलायला पाहिजे…

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतायत. तर तीन सूत्रं, भराभर.

पहिलं: विनोद स्वतःवर घ्या, मालावर घ्या, पावसावर घ्या, गिऱ्हाइकाच्या कपड्यावर, बोलीवर, जातीवर, पैशावर कधी नाही. आपल्याकडं गिऱ्हाईक एकटं नसतं. त्याचा साडू तुमच्याच आळीत राहतो, त्याची भाची तुमच्या सुनेची मैत्रीण असते. आठवडी बाजारातला एक अपमान तीन पिढ्या चालतो.

दुसरं: शेवटचं वाक्य त्याला द्या. तुम्ही जिंकलात की तो माघारी जाऊ शकत नाही, चारचौघांत नाक कापलं जातं, मग तो भांडतच राहतो. तो जिंकला की बसतो, चहा पितो, माल बघतो. आणि लगेच त्याच्या हाताला काम द्या. कापडाचं दुकान असेल तर पैठणीचा पदर उलटा करून त्याच्या हातात ठेवा. हातमागाच्या खऱ्या पैठणीची नक्षी मागच्या बाजूनंही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, मागं मोकळे धागे लोंबत नाहीत. तुम्ही सांगितलेलं तो मानणार नाही. त्यानं बोटानं चाचपलेलं मानेल.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि वेळ मात्र त्यालाच उरला नाही. नुकसान खरं असेल तिथं विनोद बंद. 2020 च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा पूर आला होता. औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. त्या दिवसांत एका दुकानात दुबार पेरणीची पाळी आलेल्या माणसाला ‘वरच्याकडं तक्रार करा’ असं हसत सांगितलेलं मी ऐकलंय. ती गंमत नव्हे, तो जुलूम. असा माणूस आला की खुर्ची द्या, आणि कागद काढा. बिल, टॅग, रिकामी बॅग, उरलेलं थोडं बी जपून ठेवायला सांगा. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडं अर्ज जायला पाहिजे, पंचनामा वेळेत व्हायला पाहिजे. बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, त्याला ग्राहक मंचात, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगात, जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये स्पष्ट केलंय. 2019 चा नवा ग्राहक कायदा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. मदतीचा नंबर 1915. हे सगळं दुकानदारानं सांगायचं? हो, दुकानदारानंच. शेतकऱ्याला लिहिता येत नसेल तर अर्ज तुम्ही लिहा, कंपनीचं नाव, लॉट नंबर नीट घाला, तुमच्या दुकानाचं नावही घाला, आणि वाचून दाखवून मगच त्याचा अंगठा घ्या.