नादारीचा अर्ज : वकील लावावा का?

श्रोतेहो, नमस्कार.

हप्ते थकले, बँकेची नोटीस आली, पतसंस्थेचा वसुली अधिकारी दारात येऊन गेला, की घरात एक प्रश्न हमखास निघतो. कोर्टात नादारीचा, म्हणजे कर्ज फेडण्याची ऐपत उरली नाही असा, अर्ज करायचा तर वकील लावायचा की नाही? आणि त्याला जोडूनच कुणीतरी म्हणतं, ‘वकिलाला द्यायला पैसे असते तर कर्जच नसतं का फेडलं!’ या बोलण्यात तथ्य आहे. म्हणूनच आज त्याविषयी बोलू या.

आधी कायदा, थोडक्यात. मुंबईत राहणाऱ्याचा अर्ज उच्च न्यायालयात जातो, १९०९च्या कायद्याखाली. बाकी महाराष्ट्रात तो जिल्हा न्यायालयात जातो, १९२०च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली. २०१६ साली नवा दिवाळखोरी कायदा आला. छोट्या कर्जदारांसाठी त्यात सोपी वाट लिहून ठेवली आहे, पण ती अजून लागूच केलेली नाही. व्यक्तींसाठी जो भाग आहे तो डिसेंबर २०१९पासून सुरू झाला, पण फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. म्हणजे दुकानदाराला, नोकरदाराला अजून शंभर वर्षांपूर्वीचाच रस्ता. या जुन्या कायद्यात ५०० रुपये कर्ज असलं तरी अर्ज करता येतो, यावरून तो किती जुना आहे ते ध्यानात येईल. कंपन्यांसाठी धावाधाव करून कायदा लागू केला, आणि किराणा दुकानदार तसाच ताटकळत राहिला, हे मला अजिबात मान्य नाही. असो.

अर्ज स्वतः करता येतो का? येतो. कायद्याची आडकाठी नाही. कर्ज फेडणं शक्य नाही असं लिहायचं, सगळ्या धनकोंची, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांची, नावं, पत्ते, रकमा द्यायच्या, आपली मालमत्ता सांगायची आणि ती कोर्टाच्या हवाली करायची तयारी दाखवायची. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं, धर्माच्या रीतीप्रमाणे बाईच्या अंगावरून उतरत नाही तो दागिना, यांना हात लागत नाही. मंगळसूत्र जाईल या भीतीनं कुणी झोप घालवू नये.

मग वकील कशाला? त्यासाठी आमच्या गावच्या छापखानेवाल्या काकांची हकिकत ऐका.

काकांची जुनी ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायची छपाईची मशीन होती. शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, एकेक जुळवून ते लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेची हँडबिलं छापायचे. पुढे कर्ज काढून ऑफसेट मशीन घेतली. ती बसवून होते न होते तोच गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्सवाला आला आणि पत्रिका मोबाइलवर जाऊ लागल्या. माझं म्हणाल तर लग्नपत्रिका छापायलाच हवी. निदान पन्नास तरी. अक्षत लावून हातात दिलेल्या पत्रिकेला जो मान आहे, तो फोनवरच्या चित्राला नाही. तर काकांचं काम आटलं. बँकेचं कर्ज, पतसंस्थेचं कर्ज, कागदाच्या व्यापाऱ्याची उधारी, आणि मेव्हण्याकडून घेतलेले चाळीस हजार हातउसने. त्याची चिठ्ठी नाही, चपाटी नाही. नात्यातला व्यवहार.

काका स्वाभिमानी. कायद्याचं पुस्तक आणलं, चष्मा लावून वाचलं आणि अर्ज स्वतःच तयार केला. छापखान्यात हयात घालवलेला माणूस! धनकोंचा तक्ता असा आखला होता की रुपये एका रेषेत, पैसे एका रेषेत, कुठे खाडाखोड नाही. कोर्टातल्या कारकुनानं तो शेजारच्या टेबलावर दाखवायला नेला म्हणतात.

पण अर्ज देण्याच्या महिना-दीड महिना आधी काकांनी एक गोष्ट केली होती. जुनी ट्रेडल भंगारात काढली, खिळे किलोवर विकले, आणि आलेले चाळीस हजार मेव्हण्याला पोचते केले. बायकोच्या माहेरचा पैसा बुडवायचा नाही, हा त्यांचा विचार. मेव्हण्याचं नाव तक्त्यात नव्हतं, कारण त्याचं देणं उरलंच नव्हतं.

कोर्टानं काकांना नादार ठरवलं, रिसीव्हर नेमला, म्हणजे नादाराची मालमत्ता ताब्यात घेऊन ती धनकोंत वाटणारा माणूस. रिसीव्हरनं पासबुकं मागवली. त्यात पतसंस्थेच्या वकिलाला ती नोंद दिसली. चौकशीत त्यांनी शांतपणे विचारलं, ‘मेव्हण्यांनी पैशासाठी तगादा लावला होता का?’

काका ताठ उभे राहिले आणि म्हणाले, ‘छे हो! त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. मीच आपणहून नेऊन दिले.’

वकील म्हणाले, ‘बस, एवढंच विचारायचं होतं.’

काकांना वाटलं, आपला प्रामाणिकपणा पटला. श्रोतेहो, नेमकं उलट झालं होतं. १९२०च्या कायद्याचं ५४वं कलम सांगतं की देणी भागत नसताना, अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत, एका धनकोला इतरांच्या पुढे काढण्याच्या हेतूनं पैसे दिले असतील तर ते देणं रद्द होतं. पुन्हा सांगतो, आधीचे तीन महिने. मेव्हण्यानं नोटीस दिली असती, कोर्टात जायची तंबी दिली असती, तर दबावाखाली दिले असं म्हणायला जागा होती. ‘आपणहून दिले’ म्हटल्यावर हेतू स्वच्छ दिसला.

मेव्हण्याला चाळीस हजार रिसीव्हरकडे भरावे लागले. त्यानं ते मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशाला घातले होते. पुन्हा उसनवारी करून आणले. त्या वर्षी भाऊबीजेला काकूंनी ताट तयार ठेवलं, दिवा लावला, आणि भाऊ आला नाही.

काका खचले. कोर्टाकडे फिरकेनात. आणि इथे दुसरा धोका होता. नादार ठरवणाऱ्या आदेशातच लिहिलेलं असतं की अमुक मुदतीत कर्जमुक्तीसाठी अर्ज करा. तो केला नाही तर नादारीचा आदेशच रद्द होतो आणि सगळे धनको पुन्हा दारात. काकांची मुदत भरत आली होती. सुदैवानं तालुक्यातले एक तरुण वकील लेटरहेड छापायला आले. टेबलावर पडलेला आदेश त्यांनी वाचला, तारीख पाहिली आणि त्याच आठवड्यात अर्ज दाखल करून दिला. काका पुढे कर्जमुक्त झाले. तेव्हा ते वकील म्हणाले, ‘काका, तुमचा अर्ज माझ्यापेक्षा चांगला होता. तो लिहून घ्यायला तुम्हाला माझी गरजच नव्हती. फक्त तो देण्याआधी अर्धा तास यायला हवं होतं.’

काका खरं बोलले याचा मला अभिमान वाटतो. कुठलाही चांगला वकील त्यांना खोटं बोला म्हणाला नसता. पण त्यानं पहिल्याच भेटीत विचारलं असतं, ‘अलीकडे कुणाला पैसे दिलेत का? देणार आहात का? थांबा.’ आणखी एक विचारलं असतं, ‘गेल्या दोन वर्षांत शेत, प्लॉट, गाडी कुणाच्या नावावर केलीत का?’ कारण बक्षीसपत्रानं दिलेलं तेवढ्या मुदतीतलं कोर्ट मागे घेऊ शकतं.

तेव्हा माझं सांगणं असं. अर्ज करण्याआधी एकदा वकिलासमोर बसा. कर्ज केवढंही असो, अर्ज देण्याआधी बसा. पुढे प्रत्येक तारखेला वकील हवाच, असं मात्र नाही. नावावर घर-जमीन नसेल, एक-दोनच देणी असतील, मागचे व्यवहार साधे असतील, तर सल्ला घेऊन स्वतः उभं राहता येतं. कदाचित नादारीची गरजही उरणार नाही. बँकेशी एकरकमी तडजोड किंवा लोकअदालत यातच काम भागेल.

पण भागीदारी असेल, घर तारण असेल, चेक परत गेल्याचा खटला चालू असेल किंवा एखादा धनको अर्जाला विरोध करणार असेल, तर पूर्णवेळ वकील घ्या. तारण घेतलेल्या बँकेचा तारणावरचा हक्क नादारीनं जात नाही. चेकचा खटला फौजदारी आहे, तोही आपोआप थांबत नाही. सरकारचं देणं आणि पोटगीची थकबाकीही सुटत नाही. आणि तुम्ही कर्जमुक्त झालात तरी तुमचा जामीनदार सुटत नाही. ओळखीखातर जामीनपत्रावर सही करण्याची आपल्याकडची पद्धत बंद झाली पाहिजे, हे मी प्रत्येक व्यासपीठावरून सांगत आलो आहे. चहा प्या, पण सही करू नका.

फीचं आधी स्पष्ट बोला. कुठल्या टप्प्याला किती, ते कागदावर घ्या. ‘कर्ज सुटलं तर इतके टक्के’ असा सौदा वकिलाला करता येत नाही, बार कौन्सिलचा नियम आहे. असा सौदा करणारा, किंवा ‘सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, साफ करून देतो’ म्हणणारा एजंट भेटला तर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, विचारा. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद नसेल तर त्याच्याकडे कागद देऊ नका.

फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक, दिव्यांग, कामगार आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारे, यांना १९८७च्या कायद्यानं मोफत वकील मिळतो. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. फोन क्रमांक १५१००. पुन्हा सांगतो, १५१००. जाताना सगळ्या खात्यांची पासबुकं भरून न्या, कर्जाचे करार न्या, आलेल्या नोटिसा पाकिटांसकट न्या, कारण पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख पुढे उपयोगी पडते. हातउसनं ज्यांच्याकडून घेतलं त्यांची नावं एका कागदावर लिहा. मेव्हण्याचंही लिहा. आणि त्याला एक रुपयाही देण्याआधी तो कागद वकिलाला दाखवा.

नमस्कार.