एररची खिडकी बंद करू नका

मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत हिशेब आणि बिलिंग सांभाळता. माल भरून टेम्पो दारात उभा, आणि सॉफ्टवेअर म्हणतं की डेटाबेसशी कनेक्शन होत नाही. अशा वेळी घाईघाईनं 'ओके' दाबलं जातं, कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो, तेवढ्यानं भागलं नाही की सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं जातं. माझी कळकळीची विनंती आहे, आधी त्या एररचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो शेवटपर्यंत वाचा.

'लॉगिन फेल्ड' किंवा 'अॅक्सेस डिनाइड' असेल, एसक्यूएल सर्व्हरचा १८४५६ किंवा मायएसक्यूएलचा १०४५ नंबर असेल (ही दोन्ही डेटाबेस चालवणारी सॉफ्टवेअर्स), तर नेटवर्कला हात लावू नका. सर्व्हरनंच, म्हणजे डेटाबेस असलेल्या मुख्य कॉम्प्युटरनंच, तुम्हाला उत्तर दिलंय. घोळ युजरनेम, पासवर्ड किंवा परवानगीत आहे.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे बहुधा मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर, म्हणजे डेटाबेसच्या ठरलेल्या नंबरच्या दारावर, कुणी ऐकत नाही. सर्व्हरवर विंडोजच्या 'सर्व्हिसेस'मध्ये डेटाबेसची सर्व्हिस चालू आहे का बघा. मग पोर्ट: नेहमीच्या मांडणीत एसक्यूएल सर्व्हरचा १४३३, मायएसक्यूएलचा ३३०६, पोस्टग्रेस या आणखी एका डेटाबेसचा ५४३२. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस नव्यानं टाकला असेल तर त्यात टीसीपी/आयपी, म्हणजे नेटवर्कवरून जोडण्याची सोय, मुळात बंदच असतं. म्हणून सर्व्हरवर सगळं सुरळीत चालतं आणि शेजारच्या टेबलावरून काही केल्या जोडलं जात नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये ते चालू करून सर्व्हिस रिस्टार्ट करावी लागते.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो 'टाइम्ड आउट'. तिथे उत्तरच येत नाही. आधी विचारा, हे एकाच कॉम्प्युटरवर होतंय की सगळ्यांकडे? एकाकडेच असेल तर त्याची केबल, त्याच्या सेटिंग्ज. सगळ्यांकडे असेल तर सर्व्हरकडे चला. वीज जाऊन आली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि सर्व्हरला वेगळाच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळाला, असं होऊ शकतं. बाकीचे कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर शोधत राहतात. सर्व्हरचा आयपी कायमचा ठरवून द्या, हा त्रास संपतो.

पिंगवर, म्हणजे समोरचं मशीन उत्तर देतं का ते बघणाऱ्या कमांडवर, फार विसंबू नका. पिंग लागला तरी डेटाबेसचा पोर्ट बंद असू शकतो, आणि नको असलेली कनेक्शन अडवणाऱ्या फायरवॉलनं पिंग अडवला असला तरी डेटाबेस व्यवस्थित चालू असू शकतो. पोर्टच तपासा, विंडोजच्या पॉवरशेलमधली टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड पोर्ट नंबर देऊन चालवली की ते सरळ सांगते. फायरवॉल मात्र पूर्ण बंद करू नका हो, त्यात हिशेबाचा सगळा डेटा उघडा पडतो. लागतो तेवढा पोर्ट, तोही फक्त ऑफिसच्या नेटवर्कसाठी उघडा.

राहिला 'टू मेनी कनेक्शन्स'. मायएसक्यूएलची मूळ मर्यादा १५१, पोस्टग्रेसची १००. दहा-बारा जणांच्या ऑफिसात ती भरत असेल तर बहुतेक वेळा प्रोग्राम कनेक्शन उघडतो आणि बंद करत नाही. मर्यादा वाढवून चार दिवस निभतील, नंतर पुन्हा तेच. ज्यांनी सॉफ्टवेअर लिहिलं त्यांच्याकडूनच ते दुरुस्त करून घ्या.