ज्वालारोधक नेमका कुठे बसतो?

मंडळी, प्लास्टिकला आग लागली असं आपण म्हणतो, पण घन प्लास्टिक स्वतः जळत नसतं. मेणबत्ती नीट न्याहाळा. वातीला लगटून एक काळपट पोकळी दिसते आणि ज्योत तिच्या बाहेर असते. त्या पोकळीत मेणाची वाफ आहे. ती बाहेर येऊन ऑक्सिजनला भेटते, तेव्हा पेटते. प्लास्टिकचंही तसंच. उष्णतेनं त्याच्या लांबच लांब साखळ्या तुटतात, तुकड्यांचा वायू होतो, तो पेटतो, आणि त्या ज्योतीची उष्णता परत खाली येऊन आणखी साखळ्या तोडते. हे रहाटगाडगं कुठे तरी अडवायचं, एवढंच ज्वालारोधकाचं काम.

अडवण्याची एक जागा म्हणजे प्रत्यक्ष ज्योत. ज्योतीत हायड्रोजनचा एक सुटा अणू ऑक्सिजनच्या रेणूवर आदळतो आणि एकाचे दोन होतात, एक ऑक्सिजनचा अणू आणि एक हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनचा सुटा, अस्थिर तुकडा. ही बेरीज वाढत जाते म्हणून भडका उडतो. ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक तापला की हायड्रोजन ब्रोमाइड सोडतो, आणि तो या सुट्या कणांना पकडून त्यांचा साधा हायड्रोजन किंवा पाणी करून टाकतो. मोकळा झालेला ब्रोमीन इंधनाकडून पुन्हा हायड्रोजन घेतो आणि परत कामाला लागतो. म्हणून थोडक्यात भागतं. त्याच्या जोडीला अँटिमनी ट्रायऑक्साइड घालतात. ते एकटं जवळपास काहीच करत नाही, पण ब्रोमीनशी संयोग पावून सहज उडणारं संयुग बनतं आणि ब्रोमीनला ज्योतीपर्यंत नेऊन पोचवतं.

दुसरी वाट थंडाव्याची. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड 200 अंश सेल्सिअसच्या आसपास फुटतं आणि आपल्या वजनाच्या सुमारे 35 टक्के पाणी वाफेच्या रूपात सोडतं. साधा, स्वस्त, बिनविषारी पदार्थ. पण तो ढिगानं लागतो. केबलच्या आवरणात वजनाच्या 60 टक्क्यांपर्यंत भरावा लागतो, आणि मग ताणशक्ती, लवचिकता, प्रवाहीपणा सगळ्यालाच फटका बसतो.

तिसरी वाट पृष्ठभागाची. फॉस्फरसची संयुगं तापून आम्लं बनवतात, ती आम्लं पदार्थातलं पाणी ओढून घेतात आणि मागे कोळशाची खपली उरते. जखमेवरच्या खपलीसारखीच ती आतल्याला झाकते. ही कल्पना प्लास्टिकपेक्षा जुनी आहे. गे-ल्युसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1821 मध्येच नाट्यगृहातल्या कापडांसाठी अमोनियम फॉस्फेट आणि टाकणखार वापरून पाहिले होते.

आता माझ्या खऱ्या विषयाकडे येतो. ज्वालारोधक ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ असं कुणी विचारलं की मी उलटा प्रश्न करतो, कशात? त्यानं जागं होण्याची वेळ त्या पॉलिमरच्या, म्हणजे लांब साखळ्यांच्या त्या पदार्थाच्या, तुटण्याच्या वेळेशी जुळली पाहिजे. पॉलिकार्बोनेट हे कठीण प्लास्टिक 250 अंशांच्या वरच वितळवून साच्यात ढकलतात. त्यात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड घातलं तर ते यंत्रातच पाणी सोडेल. बरं, 300 अंशांपलीकडे टिकणारं मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड घालावं, तर ते अल्कधर्मी, आणि अल्क पॉलिकार्बोनेटच्या साखळ्या तोडतं. एकाच पॉलिमरची ही कथा. ब्लेंडमध्ये दोन पॉलिमर एकत्र नांदत असतात, आणि बहुतेक वेळा ते एकमेकांत विरघळतही नाहीत. एकाच्या समुद्रात दुसऱ्याची बेटं असतात. मग ज्वालारोधक समुद्रात जाणार, बेटात जाणार, की काठावर बसणार?

पॉलिकार्बोनेट आणि एबीएस (ॲक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाईन आणि स्टायरीन यांचं प्लास्टिक) यांचं ब्लेंड घ्या. विजेच्या उपकरणांच्या कवचांसाठी ते खूप वापरतात. यातलं पॉलिकार्बोनेट जात्याच जरा सोशिक. त्याचा ऑक्सिजन निर्देशांक 25-26 च्या घरात आहे, म्हणजे ते जळत राहायचं तर भोवती किमान तेवढे टक्के ऑक्सिजन लागतो. हवेत तर 21 टक्केच असतो. एबीएसचा निर्देशांक 18-19. त्यातलं स्टायरीन झरझर वायू होऊन निघून जातं, मागे कोळसा जवळपास राहत नाही. या ब्लेंडमध्ये ॲरोमॅटिक फॉस्फेट, म्हणजे बेंझिनसारखी कडी असलेलं फॉस्फरसचं संयुग, घालतात, उदाहरणार्थ बिस्फेनॉल-ए बिस डायफेनिल फॉस्फेट. ते दोन आघाड्यांवर लढतं. काही भाग वाफ होऊन ज्योतीत जातो आणि सुट्या कणांना आवरतो. उरलेला भाग पॉलिकार्बोनेटच्या तुटणाऱ्या साखळ्यांमधल्या फेनॉल गटांना जोडत राहतो आणि कोळसा घट्ट करतो. म्हणजे खपली धरतं ते पॉलिकार्बोनेट, आणि तिच्या आडोशाला एबीएस वाचतं. म्हणूनच एबीएसचं प्रमाण वाढवत नेलं की तेवढंच फॉस्फेट अपुरं पडू लागतं, आणि नुसतं फॉस्फेट वाढवून ते सावरत नाही. उलट फॉस्फेट पॉलिमरला मऊ करतं आणि वस्तू उष्णतेत लवकर वाकते.

यात आणखी एक चिमूटभर पदार्थ असतो, पीटीएफई, म्हणजेच टेफ्लॉन. अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी. मिसळताना त्याचे बारीक धागे ओढले जातात, आणि ज्योत लागली की ते आक्रसून वितळलेलं प्लास्टिक धरून ठेवतात. जळता थेंब खाली पडत नाही. मला ही युक्ती फार आवडते, कारण इथे कसलीही रसायनशास्त्रीय लढाई नाही, फक्त धाग्यांची पकड आहे.

एकदा आमच्या प्रयोगशाळेत असंच ब्लेंड जळण्याच्या चाचणीत नापास झालं. सूत्र तेच, फॉस्फेट तेच, पीटीएफई तेच, तरी जळते थेंब खाली ठेवलेल्या कापसावर पडत होते. दोन दिवस आम्ही ज्वालारोधकालाच दोष देत राहिलो. दोष प्लास्टिकच्या कच्च्या दाण्यांतल्या ओलाव्याचा निघाला. नीट न वाळवलेलं पॉलिकार्बोनेट गरम यंत्रात पाण्यामुळे तुटलं होतं, साखळ्या आखूड झाल्या होत्या, वितळ पातळ झाला होता, आणि ते धागे त्याला पेलू शकत नव्हते.

पॉलिप्रॉपिलीन आणि नायलॉन-6 यांची जोडी तर मला सर्वांत सुंदर वाटते. पॉलिप्रॉपिलीनमध्ये फुगणारी खपली करायची तर अमोनियम पॉलिफॉस्फेट हे आम्ल देणारं आणि पेंटाएरिथ्रिटॉल हे कार्बन देणारं, अशी जोडी लागते. पण पेंटाएरिथ्रिटॉल पाण्यात विरघळतं आणि हळूहळू पृष्ठभागावर येतं. त्याच्या जागी नायलॉन वापरता येतो. नायलॉन स्वतःच कार्बन पुरवतो, म्हणजे ब्लेंडमधला दुसरा पॉलिमरच ज्वालारोधकाचा अर्धा हिस्सा होतो. अट एवढीच की दोघांचं पटत नाही, म्हणून इथिलीन व्हिनाइल ॲसिटेटसारखा मध्यस्थ घालावा लागतो. तो नसेल तर रचना ओबडधोबड राहते आणि पॉलिफॉस्फेट पृष्ठभागाकडे सरकतं.

हे सरकणं, बाहेर येणं साधी गोष्ट नाही. पॉलिमरशी बांधली न गेलेली ज्वालारोधक रसायनं हळूहळू सुटून घरातल्या धुळीत येतात. ब्रोमीनच्या डायफेनिल इथर कुळातली अनेक संयुगं शरीरातल्या चरबीत साठतात म्हणून 2009 मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे टिकून राहणारी घातक रसायनं हटवण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेली, आणि डेकाब्रोमोडायफेनिल इथर 2017 मध्ये. आगीपासून वाचवणारा पदार्थ श्वासावाटे मुलांच्या अंगात जाऊ नये, हा आग्रह मी माझ्या विद्यार्थ्यांपुढे सतत धरतो. मोठ्या रेणूंची, पॉलिमररूप ज्वालारोधकं करण्यामागेही हेच कारण आहे. ती सहजी सुटून बाहेर पडत नाहीत.

एक चिठ्ठी आली आहे. ‘दाण्यांच्या माहितीपत्रकावर व्ही-0 लिहिलेलं असेल तर वस्तू सुरक्षित समजायची का?’ यूएल 94 या चाचणीत 125 मिलिमीटर लांब, 13 मिलिमीटर रुंद पट्टी उभी टांगतात आणि खालून दहा-दहा सेकंद दोनदा ज्योत लावतात. प्रत्येक वेळी ती दहा सेकंदांच्या आत विझली, पाच पट्ट्यांची एकूण वेळ 50 सेकंदांच्या आत राहिली आणि जळत्या थेंबानं खालचा कापूस पेटला नाही, तर व्ही-0. ही छोट्या ज्योतीची परीक्षा आहे, पेटलेल्या खोलीची नव्हे. शिवाय ती एका ठरावीक जाडीची असते. 3 मिलिमीटरला उत्तीर्ण झालेलं ब्लेंड 1.5 मिलिमीटरला नापास होऊ शकतं, कारण पातळ पट्टी लवकर तापते आणि खपली धरायला सवड मिळत नाही. तेव्हा व्ही-0 च्या शेजारी छापलेली जाडी वाचा आणि तुमच्या वस्तूची सर्वांत पातळ भिंत मोजून तिच्याशी ताडून पाहा.