ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

(सातारा जिल्ह्यातील एका माजी सैनिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे संपादित रूप)

मंडळी, पुढच्या खुर्च्यांवर सगळे पेन्शनर बसलेत आणि मागच्या सतरंजीवर वहिनी, काकू, आज्या. आज मला जे सांगायचंय ते जास्त करून सतरंजीवर बसलेल्यांसाठी आहे.

मी पलटणीत क्लार्क होतो. जवान लग्न करून सुट्टीवरून परत आला की त्याच्या बायकोचं नाव चढवायचं, पार्ट टू ऑर्डर, म्हणजे त्या नोंदीचा हुकूम, काढायची आणि कागद जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचा, हे माझं काम. तो सांगेल ते नाव मी इंग्रजीत टाइप करायचो. आता आपल्याकडची रीत बघा. माहेरची हौसा, तांदळाच्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं लिहिलं सुनंदा, आणि भावकीत सगळे म्हणतात आक्का. यातलं एक नाव जवान सांगायचा, त्याचं स्पेलिंग मी माझ्या मतानं करायचो. जन्मतारीख विचारली की तो म्हणायचा, "साहेब, १ जून टाका." तेव्हा अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनलाच असायचा! तीसतीस वर्षं ती नावं फायलीत पडून राहिली. कुणाचं काही अडलं नाही, कारण पेन्शन बँकेतून मिळायची आणि बँकेतला कॅशिअर माणसाला तोंडानं ओळखायचा.

आता पेन्शन 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या संगणकी व्यवस्थेवर आहे. मंजुरीपासून खात्यात पैसे पडेपर्यंत सगळं ऑनलाइन, कारभार प्रयागराजहून. ही व्यवस्था वाईट आहे असं मी म्हणत नाही. पूर्वी पीपीओतली, म्हणजे पेन्शनच्या हुकुमातली, एक चूक दुरुस्त करायला बेळगावच्या किंवा सागरच्या रेकॉर्ड ऑफिसात खेटे घालावे लागायचे, वर्ष वर्ष जायचं. आज घरबसल्या आपली पेन्शन स्लिप दिसते. पण संगणक अक्षराला अक्षर जुळवतो. रेकॉर्डला हौसा आणि आधारला सुनंदा असेल, तर त्याच्या लेखी त्या दोन बायका आहेत.

आमच्या शेजारच्या गावातल्या एका काकूंची गोष्ट सांगतो. काका गेले, तेराव्यानंतर मी घरी गेलो. फॅमिली पेन्शनचं काम सुरू करायचं होतं. फोन नंबर विचारला तर त्यांनी देव्हाऱ्याकडं बोट केलं. काकांचा बटणाचा फोन त्यांनी स्वच्छ पुसून, रुमालात गुंडाळून, कुलदेवीच्या टाकाशेजारी ठेवला होता. बॅटरी उतरलेली. रिचार्ज कुणी मारला नव्हता, त्यामुळं सिम बंद पडलेलं. पेन्शनचं खातं त्या नंबरावर, बँक त्या नंबरावर, आधारसुद्धा त्याच नंबरावर. सगळे ओटीपी त्या रुमालातल्या फोनला जाणार! काकू मला म्हणाल्या, "भाऊजी, हे होते तोवर मी कधी फोनला हात लावला नाही. मला काय ठाऊक, माझी सही त्याच्यात आहे."

मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण काकांच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे सैन्यातून निघताना मिळालेल्या नोंदवहीत, काकूंचं नाव होतं ते माहेरचं, आणि तसली शेकडो नावं मी माझ्या हातानं टाइप केलेली आहेत.

यात दवाखान्याचा काय संबंध, असं वाटेल कुणाला. सांगतो. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. नवरा गेल्यावर बायको तिची स्वतंत्र सभासद होते, पण त्यासाठी फॅमिली पेन्शनचे कागद लागतात. म्हणजे नाव अडलं की पेन्शन अडते, पेन्शन अडली की कार्डाचं काम रेंगाळतं. काकूंना साखर आहे, रक्तदाब आहे. चार महिने त्यांनी गोळ्या खिशातून घेतल्या, आणि पैसे पुरेनात तेव्हा रोजच्या दोन गोळ्यांची एक केली. मला हे नंतर कळलं.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोयनेकाठच्या एका हवालदारसाहेबांना रात्री दोनला छातीत कळ आली. जवळचा दवाखाना ईसीएचएसच्या यादीतला नव्हता. अशा वेळी दोन दिवसांच्या आत पॉलिक्लिनिकला, म्हणजे योजनेच्या दवाखान्याला, कळवावं लागतं, नाहीतर बिलाचे वांधे. पूर्वी पहाटेच्या एसटीनं कुणीतरी चिठ्ठी घेऊन धावायचं, आणि घरात पुरुष माणूस नसेल तर तेही नाही. इथं त्यांच्या बारावीतल्या नातीनं दवाखान्याच्या बाकावर बसून फोनवरून ईमेल पाठवला, कार्डाचा आणि केसपेपरचा फोटो जोडून. पोरीनं तारीख-वेळ सगळं बरोबर लिहिलं होतं. बिल मंजूर झालं.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, 'सेहत' ही संरक्षण खात्याची व्हिडिओ ओपीडी सुरू झाली. घरबसल्या डॉक्टर बोलतात, चिठ्ठी फोनवर येते. ज्यांचे गुडघे गेलेत, ज्यांना पॉलिक्लिनिक साठ किलोमीटरवर आहे, त्यांनी जरूर वापरा. पोटाला हात लावून बघायचं दुखणं मात्र त्यावर नेऊ नका.

हयातीच्या दाखल्याचंही तसंच. जीवन प्रमाण, म्हणजे ऑनलाइन हयातीचा दाखला, २०१४ पासून आहे, पण खुरपं धरून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या, मशीन घेईना. माझ्या स्वतःच्या आईला तीन वेळा परत पाठवलं होतं. आता चेहरा दाखवून दाखला होतो. मात्र नोव्हेंबरात कुणी फोन करून म्हणालं, "पेन्शन बंद होईल, ओटीपी सांगा," तर फोन ठेवून द्यायचा. पलीकडचा स्वतःला कर्नल म्हणवत असला तरी ठेवायचा.

आणि मनाच्या दुखण्याबद्दल. आपल्या लोकांना ते बोलायची सवय नाही. आमच्या कंपनीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, रोज पहाटे पाचला 'राम राम'चा पाऊस पडतो. सुना वैतागतात. पण त्याच ग्रुपवर एका नाईकाचा राम राम तीन दिवस आला नाही, म्हणून कराडचे दोघं मोटारसायकल काढून त्याच्या घरी गेले. तो माणूस अंधारात बसून होता, जेवला नव्हता. त्यांनी तिथूनच १४४१६ ला फोन लावला. टेलिमानस, मनाच्या दुखण्यासाठीची सरकारी हेल्पलाइन. चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. सैन्यदलासाठी त्याचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सुरू झाला. पण मोटारसायकल काढणारे दोघं नसते तर तो नंबर कुणी फिरवला असता?

पोरं पुण्या-मुंबईला, आखातात. बापाच्या पेन्शनला पोरगा आपला नंबर देतो, सोयीचं म्हणून. मग आईला स्वतःच्या पैशाचा मेसेज बघायला पोराला विचारावं लागतं. चांगला पोरगा असेल तर ठीक. सगळे तसे नसतात, हे इथल्या काही माउलींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

माझं भाषण संपलं. उजवीकडं टेबल मांडलंय, लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन आहे. डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि दोघांची आधार कार्डं घेऊन या. आधी नाव आणि जन्मतारीख ताडून बघू, मग बायकोच्या नावाचा, बायकोच्या हातातला नंबर कुठं कुठं जोडायचा ते बघू. जेवणं साडेबाराला आहेत, मी संध्याकाळपर्यंत बसणार आहे. पुरुषमंडळींनी थोडं थांबावं. आधी सतरंजीवरच्यांनी यायचं.