मागे मागे सरकणारी इमारत

श्रोतेहो, नमस्कार.

कागदावर एक चौकोन काढा. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक लांब पट्टी जोडा, पण सरळ रेषेत नको, जरा मागे सरकवून. त्यांच्या टोकांना आणखी एकेक, अजून मागे. उडत्या बगळ्यांच्या माळेसारखी आकृती झाली ना? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतली कितीतरी मनोरुग्णालयं याच आकाराची होती. कल्पना फिलाडेल्फियाच्या डॉ. थॉमस किर्कब्राइड यांची. 1848 मध्ये न्यू जर्सी राज्यातल्या ट्रेंटनचं रुग्णालय या नकाशावर सुरू झालं.

मागे सरकवायचं कशासाठी? आपली एकेक पट्टी म्हणजे रुग्णांचा वॉर्ड. वॉर्डच्या मधून पॅसेज आणि दोन्हीकडे खोल्या, म्हणजे पॅसेजमध्ये अंधार. वॉर्ड एकाला एक लावून सरळ बांधले, तर पॅसेजची टोकंही बुजतात. मागे सरकवले की टोकांना खिडक्या बसतात, वारा आरपार जातो. मधल्या इमारतीत कचेरी, तिला लागून शांत रुग्ण. आरडाओरडा करणारे पार टोकाला. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका.

1851 साली मनोरुग्णालयांच्या अधीक्षकांच्या संघटनेनं बांधकामाचे 26 नियम केले. एकट्याची खोली 8 बाय 10 फुटांहून लहान नको, छत 12 फुटांच्या खाली नको. तळघरात रुग्ण ठेवायचा नाही. जमीन लाकडी, जिने मात्र दगडी नाहीतर लोखंडी, कारण आगीची धास्ती. रोज 10,000 गॅलन, म्हणजे सुमारे 38,000 लिटर पाणी वरच्या टाक्यांत चढवायची सोय हवी. आणि आवाराची भिंत भक्कम असावी, पण इमारतीतून बघताना डोळ्यांत खुपू नये! सगळ्या नियमांत हा खरा बोलका. कोंडायचं तर आहे, पण कोंडल्यासारखं वाटू द्यायचं नाही.

एका इमारतीत जास्तीत जास्त 250 रुग्ण, खरं तर 200 च बरे, असंही ठरलं होतं. 1866 मध्ये त्याच संघटनेनं हा आकडा 600 वर नेला. बरे न होणारे रुग्ण साचत गेले, राज्य सरकारांचा हात आखडला, आणि खाटा पडल्या त्या पॅसेजमध्ये. जिथून वारा खेळायचा, नेमकी तीच जागा अडली. नकाशा तोच राहिला, त्यातली हवा गेली.

न्यूयॉर्क राज्यात बफेलोला असंच एक जुनं रुग्णालय आहे, वास्तुकार एच. एच. रिचर्डसन यांचं. 2017 मध्ये त्याच्या मधल्या भागात हॉटेल निघालं. पाहुण्यांसाठी रुग्णांच्या खोल्या एकमेकींना जोडून मोठ्या कराव्या लागल्या. रुंद पॅसेज मात्र तसेच ठेवले.