बांध कुणाचा?

(ठाण्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘खोताच्या गावाचा इतिहास’, पण कुठल्या गावाचा ते छापलेलं नाही. मघाशी चहाच्या वेळी एकांनी त्यावरून टोकलंही. नाव मुद्दामच घातलं नाही. घोडबंदरपासून बेलापूरपर्यंत खाडीला लागून असलेलं कुठलंही गाव घ्या. मालकांची नावं बदलतील, गोष्ट फारशी बदलणार नाही.

मी महसूल खात्यात नोकरी केली. इतिहासाचा प्राध्यापक नाही, त्यामुळे मला इतिहास दिसतो तो उताऱ्यांतून आणि फेरफारांतून, म्हणजे जमिनीची मालकी बदलल्याच्या नोंदींतून. सात-बाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो. हल्ली तो बहुधा कोरा असतो. जुन्या उताऱ्यांवर मात्र तिथे काहीतरी लिहिलेलं सापडायचं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका उताऱ्यावर मी वाचलं, ‘खांडीतलं’. मी घाटावरचा, नवखा. मला वाटलं, खंडीभर भात पिकणारं शेत असेल. आमचा शिपाई इथलाच, आगरी. तो हसायला लागला. म्हणाला, “सायब, खंडी नाय, खांड. बांद फुटून खारं पानी आत शिरलं, ती जागा.”

त्या एका शब्दापासून मला ही गावं कळायला लागली. इथली शेतजमीन मुळात जमीनच नव्हती. ती खाजण होती. दिवसातून दोनदा भरतीचं पाणी यायचं आणि ओहोटीला चिखल उघडा पडायचा. ओहोटीच्या त्या थोड्या तासांत माणसं कमरेएवढ्या चिखलात उतरायची. चिखलाची ढेपं हातोहात पुढे सरकवत, मध्ये पेंढा-गवत घालत बांध घालायची. पुढच्या भरतीच्या आत काम जेवढं पक्कं होईल तेवढंच टिकायचं, उरलेलं खाडी घेऊन जायची. बांधात जागोजागी उघाडी ठेवायची. उघाडी म्हणजे बाहेरच्या बाजूने लाकडी झडप असलेलं मोरीसारखं तोंड. पावसाचं गोडं पाणी आतून रेटा देतं तेव्हा झडप उघडते. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तेव्हा तीच झडप मिटते. माणूस लागत नाही, पण झडपेत एखादं लाकूड अडकलं तर एका रात्रीत शेत खारं होतं. बांध घातल्यावरही लगेच भात येत नाही. काही पावसाळे मीठ धुऊन जाऊ द्यावं लागतं. मग आधी खारं सोसणारा तांबडा भात येतो.

आता विचार करा, हे सगळं करायचं तर त्या काही पावसाळ्यांत माणसांनी खायचं काय? ज्याच्या कणगीत धान्य होतं तो म्हणाला, मी खायला घालतो, बांध तुम्ही घाला. खोत इथे जन्माला येतो. पुस्तकात खोत म्हणजे सारा गोळा करून सरकारात भरणारा मध्यस्थ. ते बरोबरच आहे, पण खाडीकाठी त्याच्या हक्काला बांधाची किनार आहे. पनवेल-पेणच्या बाजूला बंदिस्ती करून काढलेल्या अशा जमिनींना शिलोत्री म्हणत. तिथे कुळाकडून बिघ्यामागे मणभर भात वेगळा घेतला जाई, बाहेरचा बांध राखण्यासाठी म्हणून. आतला बांध कुळाने बघायचा, बाहेरचा शिलोत्रीदाराने. हा मण मला फार महत्त्वाचा वाटतो. भात कशासाठी घेतला जातोय, हे त्यात उघड सांगितलेलं आहे. पुढे-पुढे घेणं राहिलं, कशासाठी ते राहिलं नाही.

मालकांची यादी मी भराभर उरकतो. १५३४ साली वसई आणि साष्टी, म्हणजे आजची मुंबईची उपनगरं आणि ठाणं, पोर्तुगीजांकडे गेली. त्यांनी गावंच्या गावं आपल्या सरदारांना आणि पाद्र्यांच्या संघांना ठरावीक वार्षिक रकमेवर दिली, पुष्कळदा तीन पिढ्यांसाठी. त्या रकमेला ते फोरो म्हणत, मुंबईतला ‘फोरास’ त्यातूनच आलाय. गार्सिया द ऑर्ता नावाच्या वैद्याला तर मुंबईचं आख्खं बेट असंच १५५४ च्या सुमारास मिळालं होतं. आज त्या बेटावर एक पार्किंग मिळवून दाखवा!

१७३७ ला ठाणं मराठ्यांनी घेतलं, १७३९ ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली. लढाईनंतर जमिनी पडीक असतात, बांध फुटके असतात. अशा वेळी मराठी कारभारात इस्ताव्याचा कौल देत. पहिल्या वर्षी सारा अगदी थोडा, मग दरवर्षी चढता. म्हणजे जमीन उभी राहायला वेळ लागतो, हे कागद लिहिणाऱ्या कारकुनाला माहीत होतं. एक जुना कारकून म्हणून मला त्याचा अभिमान आहे.

डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणं घेतलं. त्यांना मुंबईसाठी धान्य हवं होतं आणि साष्टीतली गावं लावणीखाली आणणारे हवे होते. म्हणून पुन्हा गावं दिली गेली. पवई १७९९ मध्ये डॉ. हेलेनस स्कॉट यांना आणि १८२९ मध्ये फ्रामजी कावसजी बनाजींना मिळाली. भाईंदर, मिरे आणि घोडबंदर ही तीन गावं १८७० मध्ये रामचंद्र लक्ष्मणजी यांना मिळाली, ९९९ वर्षांच्या कराराने. त्या करारात समुद्राचं पाणी अडवणारे बांध घालायचे आणि उत्पन्नाचा तिसरा हिस्सा घ्यायचा, असं होतं. त्या हिशेबाने मुदत अजून आठशे वर्षांवर शिल्लक आहे. तेवढ्या वर्षांचा करार करणाऱ्याने उधाण पाहिलं होतं की नाही, अशी मला शंका येते.

या सगळ्या कागदांत एक गोष्ट समान आहे. त्यात मालक आहे, रक्कम आहे, चतुःसीमा आहे, पण चिखलात उतरणारा माणूस नाही. आणि फुटलेली खांड तर त्याच्याशिवाय भरली जात नाही. उधाण असेल, वारा असेल तर रात्री हाकारा व्हायचा, घरटी एक माणूस घमेलं घेऊन बांधावर.

या माणसाने जाब विचारला तो शेजारच्या जिल्ह्यात. १९३३ साली अलिबाग तालुक्यात चरीचा संप सुरू झाला. नारायण नागू पाटील पुढे होते, आणि संप सहा वर्षं चालला. कुळांनी खोतांच्या जमिनी कसायच्याच बंद केल्या. १७ सप्टेंबर १९३७ ला डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. आपल्याकडच्या साष्टीतल्या गावांसाठी वेगळा कायदा आला तो १९५१ चा. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने तर कूळ कायद्याखालचं कूळच मालक झालं.

इथे माझा मुद्दा येतो, आणि मी खोताची बाजू घेतोय असं कृपया समजू नका. खोती गेली हे उत्तमच झालं. पण खोताबरोबर त्याची बांधाची जबाबदारीही गेली, आणि ती कुणाच्या नावावर चढली? फेरफार जमिनीचा होतो, जबाबदारीचा होत नाही. बाहेरचा बांध मैलभर लांब आणि मालक झालेल्या शेतकऱ्याकडे एकेक तुकडा. तो एकटा काय करणार? सरकारने १९४८ मध्येच खारजमिनींचा कायदा आणला होता, १९७९ मध्ये दुसरा आणला. खातं झालं, योजना झाल्या. पण हाकारा ऐकणारी घरटी माणसं आता शहरात आणि कारखान्यांत कामाला होती, आणि खातं रात्री उठत नाही.

मग नवी मुंबई आली. ती वसवण्यासाठी १७ मार्च १९७० ला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पंचाण्णव गावांच्या घेतलेल्या जमिनी, त्याविरुद्धच्या लढ्याला दि. बा. पाटलांचं नेतृत्व, १९८४ च्या जानेवारीत उरण परिसरात गोळीबारात पाच जणांचे गेलेले प्राण, मग घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. कित्येकांच्या घरातच आहे. मी फक्त पाण्याकडे बोट दाखवतो. वाशी-नेरुळ-बेलापूरला भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवून ठेवणारे जे धारण तलाव आहेत, तंत्र डच म्हणून सांगतात, त्यांच्या तोंडाशी एकदा ओहोटीला जाऊन उभे राहा. लोखंडी झडपा आहेत. आतलं पाणी रेटतं तेव्हा उघडतात, भरती रेटते तेव्हा मिटतात. आमच्या शिपायाला दाखवलं तर तो म्हणाला, “ही उघाडीच की.” तलावांत गाळ साचलाय, कांदळवन वाढलंय. ते तोडायला न्यायालयाची परवानगी लागते, आणि गाळ काढायचा कुणी यावर पत्रव्यवहार चालू असतो.

राहता राहिलं ‘खांडीतलं’. त्या शेतावर आता सात मजली सोसायटी आहे. दर जुलैत, उधाणाच्या दिवशी मोठा पाऊस लागला की तळघरात पाणी भरतं. मागच्या वर्षी तिथले सेक्रेटरी मला विचारत होते, हे पाणी येतं तरी कुठून? मी त्यांना त्या जुन्या उताऱ्याची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, ते ठीक आहे हो, पण आता पंपाचं काय? त्यांची सभा तीन तास चालली होती. पंपाची वर्गणी घरटी काढायची की फक्त तळघरात गाड्या लावणाऱ्यांनी द्यायची, यावर.