चेकलिस्टच्या बाहेरचं काम

सकाळचे अकरा वाजलेत. कॉरिडॉरमध्ये लिननची ट्रॉली उभी आहे आणि आत एक हाउसकीपर चादर ताणतेय. कोपरे गादीखाली खोचले, नळ पुसून कोरडा केला. सुपरवायझर एवढंच तपासणार. पण तिचं लक्ष उशीकडे गेलंय. गेस्टने ती बाजूला सारून डोक्याखाली टॉवेलची घडी घेतलेली दिसते. ती न सांगता कपाटातली पातळ उशी काढून ठेवते.

गेस्ट पुन्हा येतो तो बरेचदा अशा कामांमुळे. आणि ही कामं ड्यूटी चार्टवर लिहून करवून घेता येत नाहीत.

मग माणसं ती का करतात? पगारासाठी? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलं, की पगार किंवा वरिष्ठांची वागणूक बिघडली तर माणूस नाराज होतो. पण ती सुधारली म्हणून तो झटून कामाला लागेलच असं नाही. त्यासाठी कामाची दखल हवी, जबाबदारी हवी. अर्थात, पगार वेळेवर न देणाऱ्या मालकाने याचा आधार घेऊन भिंतीवर ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’चे फोटो लावत बसू नये!

निष्ठेचं गणित आणखी फसवं. मानसशास्त्रज्ञ जॉन मेयर आणि नॅटली ॲलन यांनी १९९१ मध्ये तिचे तीन प्रकार सांगितले. कुणी जीव लागला म्हणून टिकतो, कुणी सोडणं बरं दिसत नाही म्हणून, तर कुणी सोडलं तर नुकसान होईल म्हणून. हजेरीपटावर तिघेही सारखेच दिसतात. चांगल्या कामाशी सर्वांत घट्ट नातं आढळतं ते पहिल्याचं. तिसऱ्याचं जवळपास नाहीच.

जीव लागायला विश्वास लागतो. रिट्झ-कार्ल्टन या हॉटेलसाखळीने गेस्टची अडचण सोडवण्यासाठी कर्मचाऱ्याला वरिष्ठांना न विचारता २,००० डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा दिली, ती याचसाठी.

बहुतेक ठिकाणी मात्र रात्री दोनला एसी बंद पडल्याची तक्रार येते, बाजूची खोली रिकामी असते, आणि काउंटरवरच्या मुलाला चावी बदलून द्यायचाही अधिकार नसतो. ‘मॅनेजरना विचारून सांगतो’ हे वाक्य रोज म्हणावं लागलं, की काही महिन्यांत तोही गेस्टची नजर चुकवायला शिकतो.